पोराची भूक आणि फडताळाचं कुलूप : प्रॅडर-विली सिंड्रोम

कृष्णाकाठची (सांगली)

चोर गणपती (चतुर्थीच्या आधीच गाजावाजा न करता बसवतात ते) बसले की आमच्या गल्लीत घरोघरी नारळ खवायला घेतात, म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. पुढचे दहा-बारा दिवस ज्या घरी आरतीला जाऊ तिथं हातावर प्रसाद आणि "लेकराला अजून एक द्या की" हे ठरलेलं. माझ्या धाकट्याला प्रॅडर-विली सिंड्रोम आहे. साधारण दहा ते तीस हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला होणारा जनुकीय आजार, त्यामुळे इथल्या बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसणार. १९५६ साली झुरिकच्या प्रॅडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. नावात दोघेच उरले, लाबहार्ट बिचारे गळाले.

हा आजार सुरू होतो एका टोकाला आणि जातो पार उलट्या टोकाला, म्हणून घरच्यांना कळायला वेळ लागतो. पोटात असताना हालचाल कमी. जन्मल्यावर अंग एकदम सैल, रडणं कसंबसं ऐकू येईल एवढंच, अंगावर ओढायची ताकदच नाही. आधी नाकातून नळी, मग पलाडीनं (चोचीच्या छोट्या वाटीनं) थेंब थेंब दूध. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजन कायम खालच्या पट्ट्यात. त्यामुळे येणारा-जाणारा एकच सांगणार: नाचणीसत्त्व द्या, खारीक पावडर द्या, तूप सोडा वरून.

मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वजन वाढायला लागतं. गंमत म्हणजे तेव्हा मूल फार खात नसतं, तरी वाढतं. घरात आनंदीआनंद, "आता कसं बाळसं धरलं!" त्यानंतर पुढच्या काही वर्षांत खरी भूक जागी होते आणि मग ती झोपतच नाही. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, पोट भरल्याची वर्दी तिथं लागायची असते. या मुलांत ती नीट लागत नाही. जेवण संपतं, भूक संपत नाही. वर स्नायू कमी असल्यामुळे शरीराला लागतंही कमी, त्याच वयाच्या मुलाच्या साठ ते ऐंशी टक्के कॅलरीत भागतं. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी, दोन्हीकडून कात्री.

आमच्या फडताळाला कुलूप आहे. फ्रिजलाही आहे. भडंग घरात येत नाही. सांगलीत राहून भडंग नाही म्हणजे काय ते तुम्हीच समजा. बेदाण्याचा हंगाम असला की तासगावहून येणारी पिशवी ह्यांच्या ऑफिसातच वाटून संपते. देवापुढच्या वाटीतली साखरसुद्धा नैवेद्य दाखवला की लगेच उचलायची. खरकटं रात्रीच बाहेर जातं. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे, पण आधी आजार समजून घ्या, मग बोला. एवढ्यासाठीच धागा.

---

भडंगप्रेमी (विश्रामबाग)

ताई, राग मानू नका. पण खाण्याला कुलूप हे काही पचलं नाही. लहान मुलं खाणारच. आम्ही भावंडं शेंगदाण्याचं पोतं फोडून खायचो, आजीचा मार खायचो आणि शेतात पळायचो. वळण लावलं, समजावून सांगितलं तर मूल ऐकतं हा माझा अनुभव. कुलपामुळे उलट चोरून खायची सवय लागेल असं नाही का वाटत?

---

कृष्णाकाठची

भडंगप्रेमी दादा, राग नाही. हाच प्रश्न माझ्या दिरांनी विचारला होता, तोही जेवणाच्या पंगतीत.

तुम्ही पोतं फोडलंत, पोट भरलं आणि पळालात. "पोट भरलं" हेच त्याला कळत नाही. समजावून सांगितलेलं त्याला समजतं, पाठ म्हणून दाखवतो. ज्याला तहान लागली आहे त्याला पाणी समोर ठेवून 'पिऊ नकोस' सांगून किती वेळ थांबवाल?

आणि कुलपामुळे तो शांत झाला, हे बघितल्याशिवाय पटणार नाही. भिंतीवर तक्ता आहे: काय, किती आणि किती वाजता. वेळ चुकत नाही, वाटी मोठी होत नाही, लहानही होत नाही. मधल्या वेळात मिळण्याची शक्यताच नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, त्यामुळे मन तिथून सुटतं. पाहुण्यांनी एकदा जरी खिशातून चॉकलेट काढलं तरी पुढचे कित्येक दिवस प्रत्येक पाहुण्याच्या खिशाकडे बघत बसतो. "चार वाजता काय?" हा प्रश्न दुपारभर चालू असतो, पण त्याचं उत्तर रोज एकच आहे म्हणून रडारड नाही.

---

वाईचा_बालरोगवाला (सातारा जिल्हा)

धागा वाचनखूण म्हणून साठवला. मी बालरोगतज्ज्ञ आहे. कृष्णाकाठची ताईंनी बहुतेक सांगितलंच आहे, जनुकांचा भाग मी लिहितो, कारण तिथं सगळ्यात जास्त गैरसमज असतात.

प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. बहुतेक जनुकं दोन्हीकडून चालतात. पण पंधराव्या गुणसूत्रावर १५क्यू११-क्यू१३ असा पत्ता असलेला एक पट्टा आहे. तिथली काही जनुकं आईच्या प्रतीवर कायमची बंद असतात, त्यांवर मिथाइल गटाचा रासायनिक शिक्का असतो. सातबाऱ्यावर नावं दोघांची, पण कसणारा एकटा बापच. त्याचा हिस्सा गेला की आईचं नाव कागदावर असूनही जमीन पडीक. आईच्या प्रतीत दोष नसतो, ती फक्त बोलत नाही.

वडिलांचा हिस्सा जातो तो तीन तऱ्हांनी. शंभरातल्या साठ-सत्तर मुलांत तेवढा तुकडाच गळालेला असतो. पंचवीस-तीस जणांत पंधराव्याच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात, बापाची आलेलीच नसते. आईचं वय जास्त असेल तर या प्रकाराची शक्यता वाढते. उरलेल्या एक-दोन-तीन जणांत वडिलांची प्रत असते, पण तिच्यावर चुकून आईसारखा शिक्का बसलेला असतो.

आता महत्त्वाचं: साधी क्रोमोसोमची तपासणी म्हणजे कॅरिओटाइप. त्यात यातलं बरंच दिसत नाही. "क्रोमोसोम नॉर्मल" असा कागद बघून पालक निर्धास्त होतात आणि दोन-तीन वर्षं वाया जातात. मागायची ती मिथायलेशन टेस्ट, म्हणजे वर सांगितलेला मिथाइलचा शिक्का बघणारी. ती ९९ टक्क्यांहून जास्त मुलांत निदान पक्कं करते. कुठला प्रकार हे कळायला पुढची तपासणी वेगळी, ती पुढच्या बाळाच्या दृष्टीनं गरजेची.

सैल अंग, चोखता न येणं आणि मुलगा असेल तर अंडकोष खाली न उतरलेले, एवढं एकत्र दिसलं तरी माझ्या मते ही टेस्ट सांगायला पुरेसं आहे. वजन वाढायची वाट बघू नये.

---

औदुंबरची_आत्या

डॉक्टर, एक विचारू का? आमच्या भाचीच्या घरी असंच सैल बाळ झालं. सासरचे म्हणतात, मामाच्या पोरीशी लगीन केलं म्हणून झालं. आमच्याकडं तर पिढ्यान् पिढ्या मामाचीच करतात. पोरीला घालून पाडून बोलतात हो. ती बिचारी कुणाशी बोलतसुद्धा नाही आता.

---

वाईचा_बालरोगवाला

आत्या, बाळाला नक्की काय आहे हे तपासल्याशिवाय बोलता येणार नाही, त्यामुळे आधी तपासणी. सैल बाळाची कारणं पुष्कळ असतात.

नात्यातल्या लग्नानं काही आजारांची जोखीम खरंच वाढते. दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं असे आजार, उदाहरणार्थ थॅलेसेमिया किंवा स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. पण प्रॅडर-विली त्या जातीचा नाही. तो बहुतेक वेळा आपोआप घडलेला बदल असतो, आईबापांच्या रक्तात आधी नसलेला. नात्यातलं लग्न, ग्रहणात चिरलेली भाजी, गरोदरपणात खाल्लेली पपई, यातलं काहीच कारण नाही.

पुढच्या बाळाला होण्याची शक्यता तुकडा गळालेल्या आणि दोन्ही प्रती आईच्या या प्रकारांत एक टक्क्याहून कमी. मात्र शिक्क्याच्या गडबडीचा एक छोटा उपप्रकार असा आहे की वडिलांकडूनच बिघाड येतो, तिथं ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून जेनेटिक काउन्सेलरला भेटल्याशिवाय दुसऱ्याचा विचार करू नका, एवढं भाचीला सांगा. आणि सासरच्यांनाही सोबत न्या, त्यांनी डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं बरं.

---

कराडचा_बाप

डॉक्टरांनी पंधराव्याचा विषय काढला म्हणून लिहितो. आमची मुलगी त्याच पट्ट्याची, पण उलट बाजूची. तिच्यात आईच्या प्रतीतला तुकडा नाही. अँजेलमन सिंड्रोम म्हणतात. तिथं यूबीई३ए नावाचं जनुक मेंदूत फक्त आईकडचं चालतं, बापाचं गप्प. तुकडा तोच, कुणाचा गेला यावर आजार ठरतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन कागदावर आकृती काढत बसलो होतो.

आमच्या पोरीला भुकेचा त्रास नाही. तिला बोलता येत नाही, फिट्स येतात, चालताना तोल जातो, आणि रात्री दोन वाजता उठून हसत बसते. सारखी हसते म्हणून लोकांना वाटतं काय आनंदी पोर आहे. पाण्याचं वेड विचारू नका. प्रीतिसंगमावर नेली की दोघांनी दोन हात धरायला लागतात, नाहीतर कपड्यांसकट आत.

अवांतर: हॅरी अँजेलमन हे वॉरिंग्टनचे डॉक्टर. त्यांच्याकडे अशी तीन मुलं होती. इटलीत व्हेरोनाच्या संग्रहालयात हातात चित्र धरून हसणाऱ्या पोराचं एक जुनं चित्र बघितलं आणि त्यांना ती मुलं एकाच आजाराची असावीत असं सुचलं. १९६५ साली त्यांनी लेख लिहिला. त्या लेखात मुलांना दिलेलं नाव मात्र इतकं वाईट होतं की आता कुणी वापरत नाही, मीही इथं लिहीत नाही.

---

जतची_गुरुजीण

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. असं मूल वर्गात आलं तर आम्ही काय करायचं? आमच्याकडे दुपारची खिचडी शिजते, वास पार चौथीच्या वर्गापर्यंत येतो. वाढदिवसाला गोळ्या वाटतात. मुलांचे डबे एकमेकांत फिरतात. एका मुलासाठी सगळं थांबवायचं म्हटलं तर बाकीचे पालक ऐकणार नाहीत.

---

कृष्णाकाठची

बाई, सगळं थांबवू नका. आमच्या शाळेत हे असं चालतं: दप्तरं आणि डबे वर्गाबाहेरच्या खोलीत, सगळ्यांचेच, म्हणजे तो एकटा वेगळा दिसत नाही. त्याची खिचडी त्याच्या वाटीत, मावशी मोजून देतात आणि जेवताना कुणीतरी मोठं माणूस शेजारी असतं. तो भराभर गिळतो, घशात अडकायची भीती असते, म्हणून सोबत हवंच. वाढदिवसाला गोळ्यांऐवजी पेन्सिल. खाणं बक्षीस म्हणून कधीच द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचं नाही.

दुसरं म्हणजे वेळापत्रक अचानक बदलू नका. स्नेहसंमेलनाची तालीम म्हणून गणिताचा तास उडाला तर बाकी पोरं नाचतील, हा जमिनीवर बसून ओरडेल. आदल्या दिवशी सांगितलं तर चालतं. तेच तेच विचारेल, तेच तेच उत्तर द्या. हातावरच्या खपल्या खरवडत असेल तर ओरडण्याऐवजी हाताला काम द्या.

आणि चांगलंही सांगते. या मुलांना तुकडे जुळवायचा खेळ फार जमतो. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मी वेडावाकडा कापते. त्यानं तो उलटा करून, चित्राची बाजू खाली ठेवून, निव्वळ कडांच्या आकारावरून जुळवला. त्याचा बाप अजून उजव्या बाजूनं जुळवतोय. तुमच्या वर्गात असा कुणी आला तर नकाशाचं काम त्याला द्या.

---

झणझणीत_सातारी

आवो ताई, आमच्या इथं एक जण चूर्ण देतो, भूक मरते. पोटात गोळा उठतो थोडा, पण वजन उतरतं म्हणं. आणि साधा उपवास धरायला लावला तर? सोमवार-गुरुवार?

---

वाईचा_बालरोगवाला

कृपया नको. पोटाची गोष्ट निघालीच आहे तर हे सगळ्यांनी नीट वाचा.

या मुलांना सहसा उलटी होत नाही आणि दुखणं उशिरा जाणवतं. काही वेळा ताप येण्यासारखी परिस्थिती असूनही ताप चढत नाही. म्हणून प्रॅडर-विलीच्या मुलानं उलटी केली, पोट फुगलं किंवा "जेवायला नको" म्हणालं, तर ती मोठी धोक्याची खूण समजायची. लग्नाच्या पंगतीत भरमसाट खाल्ल्यावर जठर ताणून त्याचा रक्तपुरवठा बंद पडणं, जठर फुटणं असे प्रकार घडतात. सकाळपर्यंत बघू, ओवा देऊ, असं करायचं नाही. सरळ मोठा दवाखाना, आणि तिथल्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगायचं. इमर्जन्सीतल्या प्रत्येकाला माहीत असेल असं धरून चालू नका, फाइलचा पहिला कागद सोबत ठेवा.

औषधांचं म्हणाल तर ग्रोथ हार्मोन हे आजवरचं सगळ्यात उपयोगी. अमेरिकेत २००० साली या आजारासाठी मान्य झालं. रोज रात्री टोचायचं. त्यानं उंची वाढते, चरबी कमी होऊन स्नायू वाढतात, मूल हालतं-फिरतं होतं. भूक कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे निराशा नको. सुरू करण्यापूर्वी झोपेची तपासणी हवी. टॉन्सिल मोठे असतील, झोपेत श्वास अडकत असेल, वजन फार वाढलं असेल, तर आधी ते निस्तरायचं.

भुकेसाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदा एक औषध मान्य केलं, डायझॉक्साइड कोलीन, चार वर्षांपुढच्यांना. रक्तातली साखर वाढणं, अंगावर सूज, केस वाढणं असे त्याचे दुष्परिणाम आहेत. ते आलं म्हणून कुलूप काढायचं असं नाही.

---

भडंगप्रेमी

डॉक्टर, जठराचं वाचून अंगावर काटा आला. ताई, कुलपाबद्दलचे शब्द मागे. तरी एक शंका राहतेच: मोठा झाल्यावर काय? अठराव्या-विसाव्या वर्षी तुम्ही त्याच्या खिशाला कुलूप लावणार आहात का?

---

कृष्णाकाठची

हो. खिशालाही. ज्यांची मुलं मोठी आहेत ते पालक सांगतात की पैसे म्हणजेच खाणं, त्यामुळे मोबाइलवरचं पैसे पाठवायचं ॲपही बंद. मोठेपणी एकटं राहणं बहुतेकांना जमत नाही, देखरेख लागते. ह्यांच्याशी रात्री बोलताना हाच विषय निघतो आणि अर्धाच राहतो. कोपऱ्यावरच्या वडेवाल्या काकांना मात्र आम्ही आत्ताच सांगून ठेवलंय. ते त्याला नुसतं "काय पैलवान" म्हणून टाळी देतात. त्याला तेवढ्यानंही बरं वाटतं.

---

फाइलवाला_माणूस (मिरज)

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून माझे दोन पैसे.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात आजारांचे तीन गट आहेत आणि प्रॅडर-विलीसाठी ग्रोथ हार्मोनचा उल्लेख दुसऱ्या गटात नावानिशी आहे. ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रातून उपचार घेतले तर एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पैसे आपल्या खात्यात येत नाहीत, केंद्राकडे जातात. मुंबईचं केईएम त्या यादीत आहे. म्हणजे सांगली-साताऱ्याच्या माणसाला एकदा तरी मुंबई गाठावी लागते. रात्रीची गाडी धरा, सकाळी केसपेपरच्या रांगेत.

इथल्या इथं: अंगणवाडी आणि शाळेत जी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी तिथून सुरू करता येते, जेनेटिक अहवालाची वाट बघत बसू नका. बुद्ध्यांकाची चाचणी करून दिव्यांग प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यकवच मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

एक फुकटचा सल्ला: आधार कार्डावरचं, जन्मदाखल्यावरचं आणि केसपेपरवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आज बघा. निम्म्या फाइली तिथंच अडतात.

---

तासगावची_नवी_आई

सगळा धागा एका दमात वाचला. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. मान धरत नाही, दूध ओढताना झोपतं, रडतच नाही म्हटलं तरी चालेल. शेजारणी म्हणतात, किती गुणी आहे. क्रोमोसोमचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही थांबलो होतो. मिथायलेशनच्या टेस्टसाठी बाळाला घेऊन पुण्या-मुंबईला जायला लागतं का? घरात द्राक्षाच्या छाटणीची गडबड आहे, हे येऊ शकणार नाहीत, आणि मी एकटी एवढ्या लांब कधी गेलेली नाही.

---

वाईचा_बालरोगवाला

टेस्टसाठी नाही जावं लागत. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या, तीवर "प्रॅडर-विली/अँजेलमन मिथायलेशन" असं स्पष्ट लिहून घ्या. सांगली-मिरजेत मोठ्या लॅबची संकलन केंद्रं आहेत. दोन-तीन मिली रक्त, जांभळ्या टोपणाच्या नळीत. नमुना कुरिअरनं जातो. उपाशी ठेवायची गरज नाही, उलट दूध पाजूनच न्या. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर फिजिओथेरपी सुरू करा, कारण सैल अंगाचं कारण काहीही निघालं तरी ती लागणारच. सैल बाळाची इतर कारणंही असतात, त्यामुळे निष्कर्ष आत्ताच काढू नका.

---

कृष्णाकाठची

नव्या आई, मी सांगलीतच आहे. संकलन केंद्रावर मी येते सोबत, व्यनि (खासगी निरोप) करा. रक्त काढताना बाळाचा हात धरायला दुसरं माणूस लागतंच. पलाडी नीट कशी धरायची तेही दाखवीन, दूध गालाच्या बाजूनं सोडायचं असतं, जिभेवर नाही.